सरफोजीराजे भोसले : क्रमांकावाचून विद्या

तंजावरच्या शिवगंगा किल्ल्यातील ख्रिस्तमंदिरात इंग्लंडात घडवून आणलेले एक संगमरवरी उठावशिल्प आहे. जॉन फ्लॅक्समन या नामांकित शिल्पकाराची ती कृती. मृत्युशय्येवर पडलेले क्रिस्टियन फ्रीड्रिश श्वार्ट्झ हे जर्मन पाद्री, त्यांचा हात हातात घेऊन उभा असलेला एक तरुण मराठा राजा, मागे गेरिके नावाचे दुसरे पाद्री, आणि खाटेजवळ श्वार्ट्झ यांच्या शाळेतील तीन मुले, असे ते दृश्य आहे. राजा म्हणजे तंजावरचे दुसरे सरफोजी भोसले. स्मारकही त्यांनीच करविले. हिंदू राजाने ख्रिस्ती धर्मोपदेशकाचे स्मारक उभारावे, याचे कौतुक आजवर पुष्कळांनी केले आहे. त्या तीन मुलांकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. सरफोजीराजांच्या चरित्राचा विचार आपण येथे त्या मुलांच्या बाजूने करणार आहोत.

आपल्या भाषेत ‘गुण’ हा शब्द आज दोन अर्थांनी चालतो. माणसाच्या ठायी असलेला चांगुलपणा वा कसब तो गुण, आणि उत्तरपत्रिकेवर तांबड्या शाईने लिहिला जाणारा आकडा तोही गुण. पहिला अर्थ प्राचीन आहे; दुसरा विद्यापीठीय परीक्षांच्या मागोमाग आला आणि बघता बघता पहिल्याला डोईजड झाला. हा भार हलका करण्याचे यत्न अलीकडे वारंवार झाले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत मुलास नापास करून मागे ठेवण्यास बंदी केली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने ती सैल केली. महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत आली. तमिळनाडू शासनाने २०१७ मध्ये दहावी-बारावीच्या निकालात पहिल्या-दुसऱ्या क्रमांकांची नावे जाहीर करणे बंद केले. हे सर्व प्रयत्न आकड्याचे प्रस्थ माजल्यानंतरचे आहेत. ते माजण्यापूर्वी, किंबहुना ते जन्मास येत असतानाच, त्याच प्रांतात विद्येची एक निराळी व्यवस्था बसविणारा एक मराठी राजा होऊन गेला. त्याच्या वाट्यास जे शिक्षण आले आणि त्याने जे दिले, त्यांचा परस्परसंबंध पाहण्यासारखा आहे.

सरफोजींचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ रोजी भोसले घराण्याच्या एका आप्तशाखेत झाला. तंजावरचे राजे तुळजाजी यांना वारस उरला नव्हता. त्यांनी १७८७ च्या आरंभी या मुलास दत्तक घेतले आणि त्याच वर्षी ते निवर्तले. मुलाचा सांभाळ श्वार्ट्झ यांनी करावा अशी मरणोन्मुख राजाची इच्छा होती. परंतु एकट्या पाद्र्याने राज्याच्या वारसाचे पालकत्व पत्करणे श्वार्ट्झ यांस उचित वाटले नाही, आणि राजाचे सावत्र बंधू अमरसिंह यांजकडे कारभार गेला. अमरसिंहांनी लवकरच दत्तकविधानावर हरकत घेतली. मुलगा त्याच्या जनकपित्याचा एकुलता एक होता, त्याचे वय विधीच्या मर्यादेपलीकडे गेलेले होते, आणि दत्तक घेतेवेळी राजाची बुद्धी स्थिर नव्हती, असे आक्षेप निघाले. मद्रासचे गव्हर्नर सर आर्चिबाल्ड कॅम्पबेल यांनी बारा पंडितांचा अभिप्राय घेतला. तो मुलाच्या विरुद्ध पडला. अमरसिंह गादीवर बसले.

दहा वर्षांच्या मुलाने दिलेली ही पहिली परीक्षा, आणि तीत त्याला एकही प्रश्न विचारण्यात आला नव्हता. शास्त्राची वचने, साक्षी, वयाचा हिशेब, यांवरून त्याची लायकी परस्पर ठरली. पुढे लॉर्ड कॉर्नवॉलिस यांच्या अमदानीत हाच प्रश्न पुन्हा पंडितांपुढे ठेवला गेला आणि तेच दत्तकविधान शास्त्रशुद्ध असल्याचा निर्णय मिळाला. मुलगा तोच, शास्त्र तेच. परीक्षक तेवढे बदलले.

दरम्यानच्या वर्षांत मुलाचे हाल झाले. वाड्यातील एका काळोख्या जागेत, दिव्याच्या उजेडात, तो जवळजवळ बंदिवासात होता आणि त्याला अक्षरओळखही करून दिलेली नव्हती, असे श्वार्ट्झ यांच्या लेखनावरून कळते. अमरसिंहांच्या बाजूने काही बोलावयाचे असल्यास ते इतकेच, की राजकारणातील प्रतिस्पर्ध्यास निरक्षर ठेवणे ही त्या काळी मारण्यापेक्षा सौम्य रीत होती. श्वार्ट्झ यांनी कंपनी सरकारकडे तक्रार नेली, शिक्षक नेमवून घेतला, पहारा बदलवून घेतला. तरी धोका टळेना, तेव्हा १७९३ मध्ये मुलास तुळजाजींच्या राण्यांसह मद्रासेस हलविण्यात आले. तेथे गेरिके यांच्या देखरेखीखाली पुढील चार-पाच वर्षे त्याचे शिक्षण झाले.

श्वार्ट्झ आणि गेरिके दोघेही जर्मनीतील हाले येथील परंपरेतले. तेथील फ्रांके यांच्या संस्थेत अनाथ मुलांची शाळा होती, आणि त्याच आवारात शिंपले, खनिजे, वाळविलेल्या वनस्पती, यंत्रांचे नमुने यांनी भरलेला एक वस्तुसंग्रह होता. पदार्थ डोळ्यांनी पाहून आणि हाताने हाताळून शिकावा, ही तेथील शिकवण. हाले येथील शिस्त कडक होती आणि धर्मशिक्षण अखंड चाले, हेही सांगितले पाहिजे; ती काही आनंदवनातली शाळा नव्हे. परंतु त्या परंपरेतून जी माणसे तरंगमबाडीच्या डॅनिश ठाण्यात आणि तंजावरात आली, त्यांच्याबरोबर हा वस्तुपाठाचा संस्कारही आला. सरफोजींच्या पुढील आयुष्यात दुर्बिणी, विद्युद्यंत्रे, हवा उपसण्याचे पंप, वनस्पतींची चित्रे, यांचा जो संग्रह दिसतो त्याचे मूळ येथे आहे. ते प्रदर्शनाच्या हौशीत नव्हे, उशिरा शिकावयास मिळालेल्या मुलाच्या भुकेत शोधले पाहिजे, असे मला वाटते.

आता योगायोगाची एक गोष्ट. ज्या वर्षांत सरफोजी मद्रासेत शिकत होते त्याच वर्षांत, त्याच शहराच्या एग्मोर भागात, अँड्र्यू बेल नावाचे स्कॉटिश पाद्री सैनिकांच्या अनाथ मुलांची एक शाळा चालवीत होते. १७८९ ते १७९६ हा त्यांचा तेथील काळ. ओसरीवरच्या देशी शाळेत मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवितात आणि मोठी मुले धाकट्यांना शिकवितात, हे बेल यांनी पाहिले आणि आपल्या शाळेत आणले. इंग्लंडात परतल्यावर १७९७ मध्ये त्यांनी या प्रयोगाचे वृत्त छापले आणि ‘मद्रास पद्धती’ या नावाने तो प्रकार दूरवर पसरला. बेल यांच्या मृत्यूच्या सुमारास, म्हणजे १८३२ मध्ये, त्या पद्धतीच्या शाळा बारा हजारांच्या घरात गेल्या होत्या असे म्हणतात. मुंबई इलाख्यात नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीने ज्या मराठी शाळा काढल्या त्यांतही मोठ्या विद्यार्थ्याकडून धाकट्यास शिकविण्याची हीच रीत विलायतेहून फिरून आली.

मात्र बेल यांनी जे घेतले त्यात एक भर घातली होती. त्यांच्या वर्गात मुलाची जागा त्याच्या त्या दिवसाच्या उत्तरावर ठरे. वरच्याचे चुकले आणि खालच्याने ते सुधारले, की खालचा वर जाऊन बसे. कोण किती शिकला याच्या वह्या रोजच्या रोज भरल्या जात. छडीची गरज कमी झाली, कारण छडीचे काम आता शेजारच्या मुलाची भीती करू लागली. आधुनिक वर्गातील ‘नंबर’ जेथे जन्मला त्या जागांपैकी एक जागा ही आहे. सरफोजी आणि बेल यांची गाठ पडली होती असे सांगण्यास आधार नाही, आणि या लेखास त्याची गरजही नाही.

देशी शाळा याबाबतीत निर्मळ होती असे मात्र कोणी समजू नये. बळ्ळारीचे कलेक्टर कॅम्पबेल यांनी १८२३ मध्ये आपल्या जिल्ह्यातील शाळांचे जे वर्णन केले आहे त्यात एक चित्र फार बोलके आहे. सकाळी शाळेत जो मुलगा सर्वांआधी येई त्याच्या तळहातावर पंतोजी सरस्वतीचे नाव लिहीत. दुसऱ्याच्या हातावर शून्य, म्हणजे स्तुती नाही आणि निंदाही नाही. तिसऱ्यास एक हलकी छडी, चौथ्यास दोन, आणि पुढे येईल त्याला एकेक वाढती. क्रमांक येथेही आहे, फक्त तो बुद्धीचा नसून पायांचा आहे. थोर विद्येच्या क्षेत्रातही तेच. पुण्यास पेशव्यांच्या श्रावणमासच्या दक्षिणेत शास्त्र्यांची विद्वत्ता पारखून दक्षिणेची रक्कम कमीजास्त ठरे, आणि त्या रकमेवरून पुढे वर्षभर माणसाची किंमत होई. तेव्हा तुलना आणि पारख इंग्रजांनी आणली असे म्हणणे इतिहासास धरून होणार नाही. नवे जे आले ते एवढेच, की रोज, प्रत्येक धड्यास, प्रत्येक लहान मुलाची नोंद झाली पाहिजे.

२९ जून १७९८ रोजी सरफोजी गादीवर बसले. श्वार्ट्झ त्यापूर्वी चारच महिने, १३ फेब्रुवारीस, वारले होते. शिष्याचा राज्याभिषेक पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. त्यांच्या समाधीच्या शिळेसाठी राजांनी स्वतः इंग्रजीत पद्य रचले. पुढल्या वर्षी २५ ऑक्टोबर १७९९ रोजी वेलस्ली यांच्या कारकिर्दीत जो तह झाला त्याने तंजावरचे राज्य वस्तुतः संपले. मुलकी आणि फौजदारी कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे तंजावरचा किल्ला व त्याचा परिसर, वर्षास एक लक्ष पुतळ्या होनांची नेमणूक आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा राहिला. बावीस वर्षांच्या राजाला न लढाई उरली, न न्यायनिवाडा. त्याच्या आजोबा-पणजोबांनी केले असते ते त्याला करता येण्यासारखे नव्हते.

एक गोष्ट मात्र राजांनी आग्रह धरून आपल्याकडे ठेवून घेतली. ती म्हणजे छत्रे. तंजावराहून रामेश्वरास जाणाऱ्या वाटेवर मराठे राजांनी आणि त्यांच्या राण्यांनी यात्रेकरूंसाठी अन्नछत्रे बांधली होती व त्यांना जमिनी लावून दिल्या होत्या. ही छत्रे कंपनीच्या हातात जाऊ नयेत म्हणून १८०१ मध्ये राजांनी इंग्रज रेसिडेंटास एक सविस्तर पत्र लिहिले. ते विनंतीपत्र आहे. तेव्हा त्यात स्वतःच्या व्यवस्थेची स्तुती असणारच, हे ध्यानी धरूनच ते वाचावयास हवे. तरीही तंजावरच्या शिक्षणाच्या इतिहासात त्याहून मोलाचा कागद मला आढळला नाही.

राजे त्यात सांगतात, की छत्रात ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत येणाऱ्या प्रत्येकास अन्न मिळते. मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिले असल्यास त्यास बोलाविले जाते. आजाऱ्यास वैद्य, बाळास दूध, बाळंतिणीस जपणूक आहे. प्रत्येक ठिकाणी चार वेदांचे चार अध्यापक आहेत आणि एक शाळामास्तर आहे. वाटेत आईबाप वारलेली परक्या मुलखातील मुले या मास्तरांच्या स्वाधीन होतात. त्यांना तीन वेळ जेवण, चार दिवसांनी एकदा तेलाचे स्नान, कपडे आणि औषध मिळते. पुढचे वाक्य साधे आहे, परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्व पत्राचा प्राण त्यात आहे. ज्या विद्येची त्या मुलाने आवड दाखविली ती विद्या त्यास शिकविली जाते, आणि तीत पुरेसे ज्ञान झाल्यावर त्याच्या लग्नाचा खर्च छत्र करते.

यातील तीन गोष्टी वेगळ्या काढून पाहाव्यात. विषय मुलाच्या कलाने ठरतो. शिक्षण संपण्याची खूण म्हणजे पुरते येणे; शेजाऱ्यापेक्षा अधिक येणे नव्हे. आणि शेवटी हाती पडते ते प्रशस्तिपत्र नसून संसार थाटण्याचे साधन. मुलगा पहिला आला की चौदावा, हा प्रश्न या व्यवस्थेत उद्भवतच नाही, कारण कोणाची जागा कोणास घ्यावयाची नाही. ज्याने हे पत्र लिहिले तो स्वतः दहाव्या वर्षी पोरका, आणि जाणूनबुजून निरक्षर ठेवलेला मुलगा होता, ही आठवण वाचताना सुटत नाही. तेलाचे स्नान किती दिवसांनी हे ज्याला नोंदवावेसे वाटते, त्याला पोरक्या मुलाच्या अंगाची माहिती असते.

मग हे आदर्श म्हणावे काय? येथे सावध राहिले पाहिजे. वेदाध्ययन जातीने बांधलेलेच होते. आवडीची विद्या निवडण्याची मुभा त्या कुंपणाच्या आतली होती. शिवाय ज्या समाजात कोणी काय व्हावयाचे हे जन्माने बव्हंशी ठरलेले असते, तेथे वर्गात क्रमांक लावण्याची निकड भासत नाही. समाजानेच तो आधी लावून ठेवलेला असतो. आजच्या गुणपत्रिकेने, सारे दोष धरूनही, पाणक्याच्या मुलाला मामलेदाराच्या मुलापुढे जाण्याची एक फट ठेवली, हे विसरून चालणार नाही. सरफोजींच्या छत्रापासून आपण घ्यावयाचे ते तारतम्याने.

१८०२ च्या सुमारास राजांनी ओरत्तनाडू येथे आपल्या दिवंगत प्रियेच्या, मुक्तांबेच्या, नावाने मुक्तांबाळपुरम् हे छत्र बांधले आणि तेथे शाळा व दवाखाना ठेवला. खुद्द तंजावरात ‘नवविद्या’ या नावाखाली त्यांनी जी शाळा काढली तीत वेदशास्त्रांच्या जोडीला भाषा, नवी विज्ञाने आणि कलाकौशल्य शिकवीत. १८०५ मध्ये देवनागरी खिळ्यांचा छापखाना सुरू झाला, आणि १८०६ मध्ये त्यातून ‘बालबोध मुक्तावली’ निघाली. ती म्हणजे सख्खण पंडितांनी मराठीत आणलेली इसापनीती. सदाशिव काशिनाथ छत्रे यांची इसापनीती मुंबईस १८२८ मध्ये आली, म्हणजे तंजावरच्या मराठी मुलाच्या हाती कोल्हा आणि द्राक्षे वीस वर्षे आधी पडली. महाराष्ट्रातील वाङ्मयेतिहासांत या पुस्तकास अजून पुरेसा मान नाही, ही खंत येथे नोंदवून ठेवतो.

परंतु राजांच्या शिक्षणविचाराचा सर्वांत विलक्षण पुरावा म्हणजे त्यांची ‘देवेंद्र कोरवंजी’. तंजावरला मराठी नाटकाची जुनी परंपरा होती. पहिल्या शहाजीराजांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेले ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ सर्वश्रुत आहे. कोरवंजी किंवा कुरवंजी हा मूळ तमिळ नृत्यनाट्याचा प्रकार. त्यात विरहिणी नायिका असते, आणि डोंगरातून खाली आलेली कुरवर जमातीची भविष्य सांगणारी बाई असते. ती आपल्या मुलखाचे, डोंगरांचे, नद्यांचे वर्णन गाते, नायिकेचा हात पाहते आणि प्रियकर भेटेल असे सांगते. खुद्द राजांवर ‘शरभेंद्र भूपाल कुरवंजी’ ही तमिळ कृती शिवक्कोळुंदु देशिकर यांनी रचली, आणि ती बृहदीश्वराच्या देवळात होत असे.

राजांनी हा साचा घेतला आणि त्यात जगाचा भूगोल भरला. त्यांच्या कोरवंजीत नायिका इंद्राणी आहे. तिला भेटलेली भटकी बाई मराठी पदांतून पृथ्वीवरील खंड, देश, नगरे, पर्वत आणि नद्या सांगते, आणि तेही रागतालात. मुलांना नकाशा ठाऊक नव्हता. कोरवंजी सर्वांना ठाऊक होती. ठाऊक असलेल्याच्या खांद्यावरून अनोळखी गोष्ट घरात आणावी, ही युक्ती आजच्या कोणत्याही अध्यापकास पटेल.

काव्य म्हणून ही कृती उच्च नव्हे. नावांच्या याद्या पुष्कळ आहेत, आणि याद्यांना चाल लावली तरी त्या याद्याच राहतात. मला तिचे महत्त्व वाटते ते तिच्यातील गुरुशिष्यांच्या मांडणीमुळे. येथे शिष्या स्वर्गाची राणी आहे आणि गुरू डोंगरातली, शिधा मागत हिंडणारी बाई. बाई इंद्राणीला प्रश्न विचारत नाही; विचारते ती इंद्राणी. बेल यांच्या वर्गात ज्याला उत्तर ठाऊक आहे तो ज्याला ठाऊक नाही त्याला विचारतो, आणि चुकल्यास खाली बसवितो. कोरवंजीत ज्याला ठाऊक नाही तो विचारतो, कारण त्याला कोणाची तरी ओढ लागली आहे. एवढ्या एका उलथापालथीने भूगोल परीक्षेचा विषय न राहता वाट पाहणाऱ्या माणसाची विचारपूस होतो. राजांनी हे जाणून केले, की साच्यामुळे ते आपोआप घडले, हे सांगणे कठीण; परंतु असंख्य नाट्यप्रकारांतून त्यांनी भूगोलासाठी नेमका हाच निवडला, याला काही अर्थ असावा.

याच काळात श्वार्ट्झ यांचे दुसरे एक शिष्य वेदनायक शास्त्री तमिळमध्ये ‘बेत्लेहेम कुरवंजी’ रचीत होते, आणि तीतही भूगोल व खगोल येतो. वेदनायक शास्त्री मिशनच्या शाळेत शिक्षक होते. दोन शिष्य, दोन धर्म, दोन भाषा, आणि दोघांच्याही हाती तीच डोंगरातली बाई. कोणी कोणापासून घेतले याची चर्चा विद्वानांनी केली आहे. मला ती फारशी फलदायी वाटत नाही. दोघांचा शिकण्याचा अनुभव एकाच घरचा होता, हे पुरे आहे. पुढे नव्या पिढीच्या मिशनऱ्यांशी जातिभेदाच्या आणि गायनाच्या प्रश्नावरून शास्त्र्यांचे बिनसले आणि १८२९ मध्ये त्यांची नोकरी गेली, तेव्हा सरफोजीराजांनी त्यांना आपल्या दरबारी आश्रय दिला. त्या वादात जातीच्या बाबतीत शास्त्र्यांची बाजू आज आपल्याला मानवण्यासारखी नाही, हेही नमूद केले पाहिजे.

राजांच्या वैद्यकीय उद्योगाविषयी येथे थोडक्यातच लिहितो. धन्वंतरी महालात देशी आणि युरोपीय वैद्यकाचा मेळ घातला गेला. तेथील नेत्ररोग्यांची जी टिपणे शिल्लक आहेत त्यांत प्रत्येक रोग्याची हकीकत निराळी आहे, डोळ्याचे चित्र काढलेले आहे, काय उपचार केला आणि काय फरक पडला ते लिहिले आहे. एका माणसाची स्थिती त्याच्याच पूर्वीच्या स्थितीशी ताडून पाहण्याची ही रीत शाळेत गेली असती तर तिचे स्वरूप कसे झाले असते, असा विचार ती टिपणे पाहताना मनात येतो.

१८२० ते १८२२ या काळात राजांनी हजारो लोकांच्या लवाजम्यासह काशीयात्रा केली. ते तिकडे असताना मद्रासचे गव्हर्नर टॉमस मन्रो यांनी जून १८२२ मध्ये इलाख्यातील शाळांची मोजदाद करण्याचा हुकूम काढला. तंजावर जिल्ह्यात ८८४ शाळा आणि १०९ पाठशाळा भरल्या. शाळा किती, मुले किती, जाती कोणत्या, फी किती, असे रकाने होते. मुलांना काय आवडते याला रकाना नव्हता. तो असण्याचे कारणही नव्हते. या मोजदादीनंतर मन्रो यांनी सुचविलेली सरकारी शाळांची योजना, १८५७ मधील विद्यापीठे, आणि शतकाच्या उत्तरार्धात निकाल पाहून शाळेस अनुदान देण्याची इंग्लंडातून आलेली पद्धत, या पायऱ्यांनी शाळेची सारी मिळकतच मुलाच्या उत्तरावर अवलंबून राहू लागली. मुलाचा गुण चुकला तर मास्तरांचा पगार चुके. आकड्याचा जाच तेव्हापासूनचा.

१८२६ च्या मार्चअखेर कलकत्त्याचे बिशप हेबर तंजावरास आले. राजांशी बोलताना ते चकित झाले. लाव्हाझिए आणि फूरक्रवा यांचे रसायन, लिनियस आणि बुफाँ यांचे निसर्गशास्त्र राजांच्या जिभेवर होते आणि शेक्सपिअरविषयी त्यांचे स्वतःचे मत होते, असे हेबर लिहून गेले. राजपुत्र शिवाजी यास आपल्यासोबत नेऊन शिकविण्याची तयारी बिशपांनी दाखविली, परंतु मुलाच्या आईने संमती दिली नाही. हेबर थोड्याच दिवसांत, ३ एप्रिलला, त्रिचनापल्लीस स्नान करताना बुडून वारले. पुढे १८२८ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने राजांना सन्मान्य सभासद करून घेतले. राजांच्या विद्वत्तेवर बाहेरच्या परीक्षकांचा शिक्का बसला तो असा, पन्नाशीत. आणि तोवर तिचे काम बहुतेक उरकलेले होते.

७ मार्च १८३२ रोजी सरफोजीराजे निवर्तले. मद्रास पद्धतीचे जनक बेल त्याच वर्षी जानेवारीअखेर इंग्लंडात वारले होते व वेस्टमिन्स्टर ॲबीत त्यांचे दफन झाले होते. राजांचे पुत्र शिवाजी १८५५ मध्ये पुरुष वारसावाचून निधन पावले, तेव्हा कंपनीने गादी खालसा केली आणि वाड्यातील खाजगी मालमत्तेवरही जप्ती आणली. राण्यांनी दावा लावला. तो लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १८५९ मध्ये, हा प्रश्न न्यायालयाच्या कक्षेतला नाही म्हणून, फेटाळला गेला. नवविद्येच्या शाळा राजाश्रयावर उभ्या होत्या. आश्रय गेला तशा त्या गेल्या. शाळा टिकावी म्हणून तिचे काम आकड्यांत दाखवावे लागते, हे गणित नव्या सरकारचे होते, आणि त्या गणितात बसेल असे काही राजांच्या शाळांनी मागे ठेवले नव्हते.

राहिला तो ग्रंथसंग्रह. सरस्वती महाल १९१८ मध्ये सर्वांना खुला झाला. तेथे संस्कृत, तमिळ, तेलुगू हस्तलिखितांबरोबर तीन हजारांवर मराठी हस्तलिखिते आहेत, आणि राजांनी इंग्लंड-युरोपातून मागविलेले साडेचार हजारांच्या आसपास छापील ग्रंथ आहेत. त्यांपैकी अनेकांच्या आरंभीच्या पानांवर, ज्या मुलास दहाव्या वर्षी अक्षर ओळखता येत नव्हते, त्याची इंग्रजीत केलेली स्वाक्षरी आहे.